दह्यातला चुना

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वेडंवाकडं. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी वाचलंच तर माफ करावं.

आमचं गाव मूर्तिजापूरजवळ. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून सासूबाईंनी आपल्या पाटल्या मोडल्या. पैसे देताना म्हणाल्या, "तुह्या दुरुस्तीले देऊन राहिली. वापस पाहिजेत मले."

शहरात राजापेठेतल्या दवाखान्यात माझी अंडी काढून ह्यांच्या बीजासोबत काचेच्या बशीत ठेवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी पडद्यावर दाखवलं. माझं अंडं गोल, शांत. भोवती बारीक शेपट्या वळवळत होत्या. आत एकही बीज शिरलं नव्हतं.

"अंडी चांगली आहेत," मॅडम म्हणाल्या. "बीजं पोहतातही. पण त्यांच्या शेपटीत बारीक दारं असतात. अंड्याजवळचा रस लागला की ती उघडतात, कॅल्शियम आत जातं आणि शेपटी चाबकासारखे फटके मारते. त्या जोरावरच कवचातून आत जाता येतं. ह्यांची दारं उघडत नसावीत."

ह्यांनी मान खाली घालून विचारलं, "चुना खाल्ला तर?"

आमच्याकडे मूल व्हावं म्हणून गव्हाएवढा चुना दह्यात देतात. सासूबाई मला रोज तोच चारत होत्या. मॅडम हसल्या नाहीत. "पोटात कितीही जाऊ द्या, दारच बंद आहे ना." बीज सुईने थेट अंड्यात सोडता येतं म्हणाल्या. त्याला पुन्हा पैसे लागणार होते. ते कुठून आणणार?

परतताना बसमध्ये बडनेरा गेल्यावर हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आईले सांगू नको."

मी हो म्हटलं. धीर आला की स्वतःच सांगतील, असं वाटलं.

"काय म्हणे डाक्टरीन?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

"जमलं नाही."

"जमन कसं? खडकावर काय उगोते!"

ओट्यावर बसलेली शेजारीण खुदकन हसली. हे हातपाय धुवायला मागे गेले. सकाळी पुन्हा दही पुढे आलं. जीभ चरचरली, पण मी खाल्लं.

पुढे मी लोकांच्या वावरात कापूस वेचला, उन्हाळ्यात शेवया करून विकल्या. पाटल्यांचे पैसे सासूबाईंना थोडे थोडे देत गेले. यंदा शेवटचे घेऊन सासूबाईंसमोर बसले. हे शेजारीच तंबाखूला चुना लावत होते. मी नोटा मुठीत धरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा अंगठा तळहातावर फिरत राहिला.

"दे ना वो, काहून थांबली?" सासूबाई म्हणाल्या.

मी दिले. त्यांनी बोटाला थुंकी लावून मोजले आणि कनवटीला खोचले.

"फिटले सारे," म्हणाल्या.