फाटकावरचा भाकरतुकडा

राजारामपुरीतल्या आमच्या शाळेत आजारातून उठलेलं पोर परत आलं, की डॉक्टरांचा दाखला मी तपासते. पण त्याआधी फाटकावर त्याला मावशी अडवते. मावशी आमच्या शाळेची शिपाईण. घंटा तीच देते, आणि देते ती अशी दणकून, की पलीकडच्या दवाखान्यातले पेशंट दचकतात.

पोराला उभं करून ती त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळते आणि फाटकाजवळच्या कुत्र्यापुढं टाकते. कुत्र्यानं खाल्ला, की म्हणते, "जा आत. काय हुत न्हाय." मला हसू यायचं.

गेल्या महिन्यात हात मोडलेली एक मुलगी प्लास्टर काढून आली. दाखला चोख होता. कुत्र्यानं तुकडा हुंगला आणि तोंड फिरवलं. मावशीनं तो उचलला, पदराला पुसला आणि स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवशी घंटा दबकी वाजली. मावशी डाव्या हातानं टोल देत होती. उजवा नुसता लोंबत होता.

"मावशी, हाताला काय झालं?"

"काय न्हाय ओ बाई. कुणीतरी खाल्लं पायजेच की."

आज हृदयाचं ऑपरेशन झालेला एक मुलगा परत आलाय. वडिलांनी दाखला माझ्या टेबलावर ठेवलाय. खिडकीतून फाटक दिसतं. कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. मावशी वाकली.

"मावशी!" मी ओरडले.

तुकडा हातात धरून तिनं वर बघितलं. शेजारी ते पोर दप्तर सावरत उभं होतं.

"नको" हा शब्द माझ्या तोंडातून निघालाच नाही.