त्या दोघी एकत्र यायच्या तेव्हा

आमच्या शेतात कापूस वेचायला वर्षानुवर्षं त्या दोघी यायच्या. एक गुड्यातली, म्हणजे गोंडांच्या वस्तीतली, माझ्याहून थोरली. तिला मी अक्का म्हणायचे. दुसरी तांड्यावरची बंजारा, माझ्याच वयाची. भीमपूरकडच्या या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा मला वेचणी येत नव्हती, बोंडांच्या टोकांनी बोटं रक्ताळायची. दोघींनी मला मधल्या ओळीत घेतलं आणि शिकवलं. मला हसायच्याही खूप. दुपारी तिघींच्या भाकरी एकाच फडक्यावर सुटायच्या.

मग सवलतींवरून पेटलं. आदिवासींच्या नोकऱ्यांत बंजाऱ्यांना वाटा असावा की नाही, यावरून आधी मोर्चे निघाले, मग दगड आले. तांड्यावरची कडब्याची गंजी जळाली. गुड्यातल्या एकाचं डोकं फुटलं. तो अक्काचा भाऊ. चौकात पोलीस बसले, मोबाईलचं नेट बंद झालं.

आठवड्यानं दोघी कामावर आल्या, वेगवेगळ्या वाटांनी. आपापली ओळ धरून वेचायला लागल्या. मग अक्कानं मान वर न करताच विचारलं, "तुहा पोरगा व्हता का तेथी?"

बंजारा मैत्रिणीला नाही म्हणता आलं असतं. "व्हता," ती म्हणाली. "मारलं कोनं, मले ठाव नाई. पन व्हता."

अक्कानं मूठभर कापूस ओटीत टाकला. म्हणाली, "गंजी पेटली तवा माहा पुतन्या बी व्हता."

मी दोघींच्या मध्ये उभी होते. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "ऊन लई झालं आज."

त्या दिवशी तिघी तीन झाडांखाली जेवलो. त्यानंतर त्या एकत्र आल्या नाहीत. आता अक्का पहिल्या वेचणीला येते, बंजारा मैत्रीण शेवटच्या.

यंदा अक्कानं विचारलं, "तिचा गुडघा कसा हाय?"

"तुमीच जाऊन इचारा ना."

"आमच्या मानसाईनं पाह्यलं तं?" म्हणत ती पुढच्या झाडाकडे सरकली.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले आणि अक्कानं विचारल्याचं सांगितलं. मैत्रीण निवडायला घेतलेली तूर तशीच ठेवून बसली. मग म्हणाली, "अजून तशीच हासते का व ती, तोंडावर पदर घेऊन?"

अक्काला हसताना पाहून मलाही किती दिवस झाले, ते तेव्हा ध्यानात आलं. "हासते," मी म्हटलं.