दादानेच सांगितलं होतं, स्केलर वेव्ह नसते

माझा दादा माझ्याशी खोटं बोलला. आणि त्यातच गेला.

आज वर्ष झालं. खरं तर काहीच लिहायचं नव्हतं. पण कालपासून त्याचा एक व्हिडिओ फिरतोय, म्हणून लिहितेय.

दादा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. पेणकरपाड्यातली कितीतरी पोरं त्याच्या हाताखालून गेलीत. लग्न केलं नाही. घरात आई, तो आणि मी.

मागे आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक थेरपिस्ट आला होता. स्केलर वेव्हचं मशीन घेऊन. म्हणे, ही वेगळीच इलेक्ट्रोमॅग्नेटिक वेव्ह, सायन्सवाल्यांनी दाबून ठेवलेली. शुगरपासून कॅन्सरपर्यंत सगळं बरं करते.

दादा उठला.

"कौनसे मीटर पे दिखती है?"

"सर, ये मीटर में नहीं आती."

"तो आपको कैसे पता चला कि है?"

अख्खा हॉल हसला. सगळ्यात जोरात मी.

नंतर दादालाच पोटाचा कॅन्सर निघाला.

सुरुवातीला केमोला मी सोबत जायचे. मग म्हणाला, "तू कशाला रजा टाकतेस? जातो ना मी रिक्षाने."

संध्याकाळी विचारलं की, "झाली केमो. दमलोय."

मी पेज करून द्यायचे. तो निमूट प्यायचा.

एक दिवस हॉस्पिटलमधून फोन. "पेशंट यायचे का बंद झाले?"

नेहमीच्या रिक्षावाल्याला विचारलं, तेव्हा कळलं, तो वरसाव्याला जात होता. त्याच थेरपिस्टच्या सेंटरवर.

मी तिथे पोचले तेव्हा दोन मशीनच्या मधे, खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

माझा दादा!

"अरे, तुला तर माहितीये ना हे काय आहे?"

"माहितीये. अशी वेव्हबिव्ह काही नसते."

"मग?"

"डॉक्टर म्हणतात, थोडा वेळ वाढेल. हा म्हणतो, बरे व्हाल. तेवढं ऐकायला येतो, सुमे."

त्याला तिथून उठवून परत हॉस्पिटलला नेलं. पण उशीर झाला होता.

तो वाढणारा वेळ माझा आणि आईचाही होता, दादा. तू तो परस्पर देऊन टाकलास.

आणि आता हा व्हिडिओ. त्याच खुर्चीत बसून दादा म्हणतोय, "मैं फिजिक्स पढ़ाता हूँ. स्केलर वेव्ह सच है."

खाली लिहिलंय, 'सर अब बिल्कुल ठीक हैं.'

त्याखाली कोणीतरी विचारलंय, 'मम्मी के लिए सेंटर का पता भेजो.'

म्हणून सांगते. व्हिडिओतला माणूस ठीक नाहीये. तो गेलाय. आणि तो जे बोलतोय ते त्याला स्वतःलाही पटलेलं नव्हतं. हे त्याने मला तोंडावर सांगितलंय.

फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.

आईला व्हिडिओ दाखवलेला नाही. कोणी दाखवू नका, प्लीज.

दादा, श्रद्धांजली. रागासकट.