समूच्या फॉर्मवर मी लिहिलं ‘नाही’

शाळेत परिपाठ चालू होता. पोरं हात पुढं करून प्रतिज्ञा म्हणत होती आणि माझ्या खिशात फोन थरथरत होता. एकदा झालं, दोनदा झालं, तीनदा झालं. मी पडलो मुख्याध्यापक. प्रतिज्ञेत कोणी नाक खाजवलं तरी ओरडणारा माणूस, मग मीच कसा हलणार? परिपाठ संपल्यावर व्हरांड्यात येऊन पाहिलं तर समूच्या कोचमॅडमचा नंबर. परत लावला. पलीकडून आधी नुसतं रडणं, आणि मग, ‘सर, समीक्षा नहीं रही...’ मी काय म्हणालो माहीत आहे? ‘मॅडम, आपने गलत नंबर लगाया है.’ आणि फोन ठेवून दिला. वर्गात गेलो, हजेरी घ्यायला बसलो. पाच-सहा नावं घेतली असतील, मग पुढचं नावच वाचता येईना.

समीक्षा म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची, वंदनाची मुलगी. घरात सगळे समूच म्हणायचे. अठरा वर्षांची पोर, उंच पहाडात गोठलेल्या तलावावर सरावाच्या शिबिराला गेली होती, तिथंच तिसऱ्या दिवशी गेली. आज दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक बोलले, फोटोला हार घातले. ‘जिल्ह्याचं नाव मोठं केलं’ असं प्रत्येक जण म्हणाला. मी एक शब्द बोललो नाही. जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. इथं लिहितो.

वंदनाचं सासर लाखांदूरजवळच्या खेड्यात. समू पाचवीत असताना शिकायला म्हणून आमच्याकडं भंडाऱ्याला आली. हाडाची काडी, पण एका जागी बसेल तर शपथ. माझ्या मुलीचे, पल्लवीचे, जुने चाकाचे स्केट्स माळ्यावर पडले होते, ते हिनं शोधून काढले. दोन नंबर मोठे, पुढं कापडाचे बोळे कोंबले आणि निघाली गल्लीतून. पहिल्याच दिवशी भाजीवाल्याच्या गाडीवर जाऊन आदळली. वांगी रस्ताभर. मी रागानं लाल, आणि ही रस्त्यात बसल्या बसल्या म्हणते, ‘मामा, थांबायचं कसं ते कोणी सांगतलंच नाही मले!’ पुढं मैदानावर शिकवणी लावली, जिल्हा झाला, राज्य झालं, आणि नागपूरच्या एका स्पर्धेत दिल्लीकडून आलेल्या मॅडमनं तिला हेरलं. त्या बर्फावर शिकवायच्या. म्हणाल्या, या मुलीच्या कानात ताल आहे आणि पायात भीती नाही, मला द्या.

बर्फावरचं नृत्य ही काय भानगड, ते आम्हाला कुठं ठाऊक! आमच्याकडं बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकायचा. एक मुलगा, एक मुलगी, पायात पातं लावलेले बूट, आणि दोघांनी मिळून गाण्यावर असं फिरायचं की मधलं अंतर तसूभर हलू नये. उड्या फारशा नाहीत, पण मुलगा मुलीला उचलून फिरवतो. जोडीदार मिळाला देहरादूनचा रोहन, गुणी पोरगा. पण पहिला व्हिडिओ मोबाइलवर पाहिला आणि समूचे वडील माझ्यावर उखडले. ‘दादा, हे पोट्टं हिची कंबर कायले धरून राहिलं?’ मी म्हणालो, ‘भाऊजी, मग तुम्ही जा धरायला, बर्फावर उभे राहून दाखवा.’ वंदना पदर तोंडाला लावून हसत बसली. माझ्याच जिवावर पोर घराबाहेर गेली, हे मी तेव्हा मिरवत होतो.

पहिल्यांदा देशाबाहेर गेली ती बँकॉकला. शेवटून दुसरी आली. फोनवर म्हणाली, ‘मामा, शेवटची नाही ना, बस झालं!’ पुढच्या वर्षी युरोपातल्या एका गावात, नाव माझ्या जिभेला अजून वळत नाही, ही दोघं पहिल्या दहात. मॅडमनं सांगितलं की जजांपैकी एक बाई उठून विचारत आली, ही मुलगी कुठली? समूनं सांगितलं, भंडारा. त्या बाईला काय समजणार, पण आम्ही शाळेत पेढे वाटले. तिसऱ्या वर्षी कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेला जायचं तर ठरावीक किमान गुण लागत होते, ते थोडक्यात हुकले. मोठ्या गटात जायच्या आधीचं ते शेवटचं वर्ष होतं. हिवाळ्यात एक स्पर्धा उरली होती, त्यात गुण मिळाले तर मिळाले. म्हणून ते पहाडातलं शिबिर. दम वाढतो म्हणे तिथं.

आता कार्डाचं सांगतो. आमच्या भागात सिकलसेल हा घराघरातला शब्द आहे. रक्तातला दोष, आईबापाकडून येतो. दोन्हीकडून आला तर माणूस जन्मभर दुखण्यात, एकीकडून आला तर तो वाहक, लोक त्याला ‘अर्धा’ म्हणतात. अर्ध्याला सहसा काही होत नाही. समू आठवीत असताना शाळेत तपासणी झाली आणि कार्ड आलं, वाहक. माझी पल्लवीही वाहक, मीही. आणि मी काय केलं? दोघींची कार्डं कपाटात साड्यांखाली घातली. आमच्याकडं सगळे हेच करतात. पोरीचं कार्ड दिसलं की सोयरीक मोडते, म्हणून डॉक्टरलासुद्धा सांगत नाहीत. पण सगळ्यांची गोष्ट वेगळी, माझी वेगळी. दरवर्षी आरोग्य खात्याची माणसं शाळेत आली की माइक हातात घेऊन मीच पालकांना सांगतो, ‘लपवू नका, लाजू नका.’ टाळ्या पडतात.

शिबिराचा फॉर्म घेऊन समू सुट्टीत घरी आली होती. पालकाच्या जागी सही माझी. मी चष्मा लावून एकेक रकाना भरत होतो, ती समोर बसून मुरमुरे खात होती. ‘रक्ताचा काही आजार?’ या रकान्यापाशी तीच म्हणाली, ‘मामा, ते कार्डाचं लिहायचं काय इथं?’

‘वेडी झाली काय? अर्ध्याचं कोणी लिहिते काय?’

‘पण विचारलं आहे ना त्यायनं.’

‘विचारू दे. एकदा कागदावर गेलं की गेलं. उद्या तुझ्या लग्नाच्या टायमाले कोणी काढलं म्हणजे?’

‘मले लग्न कुठं करायचं आहे, मले गुण आणायचे आहेत...’

‘मग तेच म्हणतो ना मी. हे वाचून घरी बसवतील तुले.’

ती परत मुरमुरे खायला लागली. मामा म्हणतो म्हणजे बरोबर असेल. मी ‘नाही’ लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि खाली सही ठोकली.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी वर पहाडात तिच्या डाव्या कुशीत दुखायला लागलं. सगळ्यांना वाटलं विरळ हवा आहे, श्रम झाले असतील, सवय होईल. तिनंही दात-ओठ खाऊन सराव केला, कारण दुखतं म्हटलं तर खाली पाठवतील. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली आणायला निघाले, तर वाटेतच... डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. खाली सपाटीवर वाहकाला बहुतेक काही होत नाही, पण तेवढ्या उंचीवर, तेवढ्या श्रमात रक्त पाणथरीत, म्हणजे डाव्या कुशीतल्या प्लीहेत, अडकू शकतं, आणि आधी माहीत असतं तर पहिल्या कळेलाच उतरवलं असतं. मॅडम मला दोषाचा एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘सर, फॉर्म में लिखा होता तो मैं उसे ऊपर ले ही नहीं जाती.’ हे वाक्य आता माझ्याबरोबर जेवायला बसतं.

वंदनाच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं. वाटलं थोबाडीत मारेल, शिव्या देईल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘तुले काय माहीत होतं, दादा...’ अगं माय, मलाच तर माहीत होतं! मलाच माहीत होतं आणि मीच शिकलेला होतो.

आणि एवढं होऊनही माणूस किती नीच असतो ते ऐका. मागच्या रविवारी पल्लवीला पाहायला पाहुणे आले, आधीच ठरलेलं होतं. भली माणसं. पोहे झाले, आणि मुलाचे वडील जरा अडखळत म्हणाले, ‘सर, वाईट नका मानू. आमचा मुलगा सिकलसेलचा वाहक आहे, म्हणून विचारून घेतो. मुलीची तपासणी झाली असेल ना?’

पल्लवी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. त्यांनी स्वतःहून आपलं सांगितलं होतं. दोघंही वाहक निघाले तर पुढं लेकरांचं काय होईल, हे माइकवर मीच शेकडो वेळा सांगितलेलं. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘हो, झाली ना. तसं काही नाही.’

पाहुणे समाधानानं गेले. आमच्या बैठकीत सोफा नेहमी भिंतीला चिकटवलेला असतो. समू सुट्टीत आली की मोजे घालून मधल्या फरशीवर वळणं घ्यायची, म्हणून पल्लवीनंच तो सरकवून ठेवला होता. समू गेल्यावरही कोणी तो परत मध्ये ओढला नाही. पाहुण्यांसाठी म्हणून त्या दिवशी मी मध्ये आणला होता. पल्लवीनं ट्रे ठेवला, एकटीनं जोर लावून सोफा पुन्हा भिंतीला नेला, आणि त्या मोकळ्या फरशीवर उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, ‘बाबा, तुमी सांगता का मी सांगू?’

मी फोन घेतला. नंबर दोनदा चुकला. ते गृहस्थ अजून वाटेतल्या साकोलीपर्यंतही पोहोचले नसतील. मी म्हणालो, ‘मी खोटं बोललो. माझी मुलगी वाहक आहे.’ ते म्हणाले, ‘सांगितलं ते बरं केलं, सर. मग हे इथंच थांबवू.’ बस, एवढंच. ना आभाळ कोसळलं, ना कोणी काही बोललं. फोनवर पाहिलं, बोलणं एक मिनिटाचंही झालं नव्हतं.