हिला रंग नको

शुद्धीवर आले तेव्हा मोठ्या मॅडम माझ्या तोंडाचा वास घेत होत्या.

पाणी मारलं नव्हतं कुणी. डोक्याखाली काही दिलं नव्हतं. शाळेच्या गेटपाशी, माझ्याच गाडीच्या पायरीला मला टेकवून बसवलं होतं आणि शाळेच्या मालकीणबाई, अत्तर लावलेल्या, ओठ घट्ट मिटून, माझ्या तोंडाशी नाक आणून हुंगत होत्या.

"वास नाही येत," त्या वॉचमनला म्हणाल्या. बरं वाटल्यासारखा आवाज नव्हता. हिरमोड झाला होता बाईंचा. मग म्हणाल्या, "काहीतरी खाल्लं असेल. यांचं काही सांगता येत नाही."

यांचं.

म्हणजे कातकऱ्यांचं. शाळेची बस चालवत होते तेव्हा मी 'आपली लेडी ड्रायव्हर' होते. शाळेच्या बोर्डावर माझा फोटो होता, पांढऱ्या शर्टातला, स्टिअरिंगवर हात ठेवलेला. आईबापांना तो फोटो आवडायचा. बाई गाडी चालवते म्हणजे मुली सुरक्षित. त्या फोटोवर शाळेनं किती अॅडमिशन्स खेचली ते त्यांनाच ठाऊक. आणि गाडीत एकदा चक्कर आली, तर मी एका मिनिटात 'यांचं' झाले.

शेवटचं पोर उतरून आत गेलं होतं. मी हँडब्रेक ओढला होता. मग डोळ्यांपुढं काळं झालं, एवढंच आठवतं. हेच पुलावर झालं असतं तर काय झालं असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण त्या गेटवर पोरांचा विचार कुणी करत नव्हतं. तिथं माझं तोंड हुंगण्याचं काम चाललं होतं.

पनवेलजवळ, नेऱ्याच्या वर डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. आईबाप वीटभट्टीवर; भट्टी बंद असली की आई लाकडाच्या मोळ्या विकायची. मी आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकले, मग मीही भट्टीवर. तिथला ट्रॅक्टरवाला एकदा गावाला गेला तो आलाच नाही. मालक शिव्या घालत होता, विटा पडून होत्या. मी चढले ट्रॅक्टरवर. शेतातून, खड्ड्यातून, बांधावर आपटत शिकले. लग्नानंतर नवऱ्यानं हसून लायसन काढायला लावलं. तो पाच वर्षांत खोकून खोकून गेला. मी टेम्पो चालवला, भाजी वाहिली, मग प्रवासी गाडीचा बॅज काढला आणि शाळेत लागले. विचुंब्याला खोली घेतली. आई, मी आणि माझी पोरगी सोनल. वाडीतली बाई बस चालवते म्हणून नेऱ्याच्या नाक्यावर लोक वळून बघायचे. मला आवडायचं ते. का नाही आवडणार?

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, तरुण. तिनं मला 'तुम्ही' म्हटलं. हृदयाचे ठोके मध्येच हळू पडतात, म्हणाली. छातीत, गळ्याच्या हाडाखाली, पेसमेकरचं मशीन बसवलं. सरकारी योजनेतून झालं. टाके सुकल्यावर तिनं सरळ सांगितलं, "शाळेची गाडी आता नको. मुलांचा प्रश्न आहे." मी रडले नाही. पटलं मला. खरं बोललेलं लागत नाही फार.

शाळेत गेले तर मोठ्या मॅडमनी खुर्चीतून उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोही मशीनच्या बाजूच्या खांद्यावर. मी कळवळले. त्यांना वाटलं मी भारावले.

"आम्ही तुला टाकणार नाही हं," त्या म्हणाल्या. "तू आपली आहेस. मावशीचं काम कर."

मावशीचं काम म्हणजे संडास. खालच्या मजल्यावरचे, लहान पोरांचे. पांढरा शर्ट गेला, निळा ॲप्रन आला. कालपर्यंत मला 'ड्रायव्हर ताई' म्हणणाऱ्या टीचर बाया 'ए मावशी' म्हणायला लागल्या. मी छत्तीस वर्षांची, त्यातल्या निम्म्या माझ्याहून मोठ्या. काम लाजिरवाणं नव्हतं. पोरांचं शी-शू धुण्यात कसली लाज? खरी लाज पुढं यायची होती.

पाहुणे आले की मला बोलवायचे. कधी कुणी देणगीवाले, कधी दुसऱ्या शाळेच्या बाया. मोठ्या मॅडम सांगायच्या, "ही आमची कातकरी समाजातली. हार्ट पेशंट आहे. दुसऱ्या कुणी ठेवली असती का?" पाहुणे मान हलवायचे. एका बाईनं माझ्या गळ्याखालचा व्रण बघायला पदर बाजूला करायला लावला. मी केला. आज लिहिताना मला त्या बाईचा राग येत नाही इतका स्वतःच्या त्या हाताचा येतो. पण तेव्हा सोनलचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

सोनल त्याच शाळेत. सहावीत. आरटीईतून लागलेली. सरकारच्या सोडतीत नाव आलं, शाळेनं नाक मुरडत घेतली. मोठ्या मॅडम मात्र दर महिन्याला एकदा तरी मला ऐकवायच्या, "तुझ्या मुलीलाही सांभाळतोय ना आपण?" मी म्हणायचे, "हो मॅडम." हो मॅडम, हो मॅडम. तोंडाला तेवढंच वळण लागलं होतं.

आई एकदा म्हणाली, "तू घरी आल्यावर बोलत का नाय गं? आधी गाडीच्या गोष्टी सांगायचीस."

"संडासाच्या काय गोष्टी सांगू आये?"

तिनं माझं ताट वाढायला घेतलं.

मग गॅदरिंग आलं. थीम होती आदिवासी जीवन. हॉलमध्ये प्रॅक्टिस. मला फरशी पुसायला बोलावलं होतं, कारण पोरांना रंग लावायचं चाललं होतं आणि तो सांडत होता. तपकिरी रंग. गोरी गोरी पोरं रांगेत उभी, हात पुढं करून, आणि डान्सच्या टीचर ब्रशनं त्यांच्या हातापायांना, गालांना तो फासत होत्या. कमरेला प्लास्टिकची पानं. डोक्याला कोंबड्याची पिसं. आमच्या वाडीत आजवर कुणी पानं नेसलेलं मी पाहिलं नाही. आमच्या वाडीतले पोरगे जीन्स घालतात. पण या बाया शिकलेल्या. त्यांना कोण सांगणार? आणि मला सांगायचंही नव्हतं.

रांगेत सोनल होती. तिची पाळी आली. तिनं हात पुढं केला.

डान्सच्या टीचरनी ब्रश वर उचलला, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हिला रंग नको. हिला देवानंच लावून पाठवलंय."

हॉल हसला. टीचर हसल्या. पोरं हसली. मोठ्या मॅडम खुर्चीत बसून फोनवर शूटिंग करत होत्या, त्या तर हलून हलून हसल्या.

आणि सोनल हसली.

ते मी विसरणार नाही. सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा बघून घेतलं तिनं आणि मग हसली. हात तसाच पुढं. माझी पोरगी अकरा वर्षांची, आणि तिला कळलं होतं की हसायचं असतं. हे तिला शाळेनं शिकवलं नव्हतं. मी शिकवलं होतं. माझ्या 'हो मॅडम'नं.

मी हातातलं फडकं टाकलं नाही की काही आपटलं नाही. उभी राहिले फक्त.

मोठ्या मॅडमना वाटलं मी कौतुकानं बघतेय. त्या म्हणाल्या, "अगं बरं झालं तू आहेस. तू पण ये स्टेजवर. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन नुसती चाल. एकदम खरं वाटेल."

"मोळी कुणाची न्यायची मॅडम?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"माझी आई मोळी विकून मला वाढवत होती तेव्हा तुम्ही ती विकत घेत नव्हता. आता तिकीट लावून बघणार?"

मोठ्या मॅडमनी फोन खाली केला. आवाज मऊ. त्यांचा आवाज मऊ झाला की समजायचं, चाबूक बाहेर निघाला.

"तुझी मुलगी इथं शिकतेय. विसरू नकोस."

"विसरले नाय. तिची जागा सोडतीतून आलीय. कायद्यानं. तुमच्या घरातून नाय आली. माझी पोरगी या नाचात नाचणार नाय, आणि मी उद्यापासून तुमचे संडास धुणार नाय."

"उपकाराची जाण नाही तुम्हा लोकांना!"

"नाय," मी म्हटलं. "कारण उपकारच नव्हते."

सोनलचा हात धरून बाहेर आले. ॲप्रन गेटवरच्या वॉचमनकडं दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.

लोकांना वाटेल पोरीनं मला मिठी मारली असेल. मिठी नाही मारली. रस्ताभर रडली. "माझा डान्स होता! तू माझा डान्स घालवलास!" घरी आल्यावर तोंड फिरवून बसली. आजीनं दिलेलं खाल्लं, माझ्याशी बोलली नाही. मी समजावलं नाही. लहान होती. तिला नाचायचं होतं, त्यात तिचं काय चुकलं? तिच्या हसण्याची किंमत मी तिला त्या दिवशी सांगू शकले नसते.

मग कामासाठी फिरले. पनवेलमध्ये काम भरपूर आहे, असं जो तो सांगतो. पेट्रोल पंपावर मॅनेजर म्हणाला, "मशीनवाली बाई? इथं पडलीस तर आमच्या गळ्यात." सोसायटीत सेक्रेटरी माझं आडनाव विचारून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. पंख्याखाली बसलेले दिसत होते खिडकीतून. एका घरी स्वयंपाकाला गेले तर बाई म्हणाल्या, "आमच्याकडे देवाचं असतं गं सगळं." देवाचं! त्यांच्या देवाला माझ्या हातची पोळी चालत नाही, आणि माझ्या बापानं भाजलेल्या विटांच्या घरात तो देव आरामात बसतो. मी तसं बोललेसुद्धा. दार लागलं. बरं वाटलं.

आई घाबरली. "असं बोलत राहिलीस तर कोण ठेवील तुला?"

"नको ठेवू दे, आये. गप्प राहून पण बघितलं ना?"

जासईच्या कंटेनर यार्डात माणूस पाहिजे असं टेम्पोच्या दिवसांतल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. गेले. यार्ड म्हणजे कंटेनरचे डोंगर, मध्ये गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांतून ट्रेलर मागं घेत जागेवर लावायचे. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. खाली उभं राहून कुणीतरी शिट्टी मारून, हात करून, गाडी लावून घ्यावी लागते. सुपरवायझर जाडा माणूस, शर्टाची बटणं तुटलेली, चहा पिता पिता माझे कागद बघत होता.

"हे मशीन कशाचं?"

"ठोके हळू पडतात. डॉक्टरनं लिहून दिलंय. काम करू शकते. वेल्डिंगच्या जवळ उभी राहणार नाही आणि गाडी चालवणार नाही."

"चालवायची नाहीच आहे. लावून घ्यायचीय. ड्रायव्हर शिव्या देतात. ऐकून घ्याल?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं. मग म्हणाला, "सोमवारी या."

गोड बोलला नाही. खांद्यावर हात ठेवला नाही. 'तुम्ही' म्हणाला आणि पगार सांगितला. कामाची बोलणी अशीच असतात, हे मी विसरून गेले होते.

पहिल्याच आठवड्यात एका ट्रेलरवाल्यानं काच खाली करून विचारलं, "ए बाय, पुरुष नाय का कुणी?" मी शिट्टी खिशात घातली आणि बाजूला उभी राहिले. तो अडकून बसला. मागं गाड्या लागल्या, हॉर्न सुरू झाले. शेवटी उतरून आला. "घ्या ना ताई लावून." घेतली लावून. कौतुक काही नाही. दोघांनाही पुढं जायचं होतं.

स्टिअरिंगची आठवण येते. खोटं का बोलू? ट्रेलर अंगावरून जातो तेव्हा पाय आपोआप क्लच शोधतो. ते परत मिळेल की नाही, डॉक्टरीणबाई पण सांगत नाही. मिळालं नाही तरी मी कुणाची दया खाऊन जगणार नाही, हे ठरलेलं आहे.

सोनलला शाळेतून काढायचं का, आई विचारत होती. मी म्हटलं, का काढायचं? त्यांना तेच पाहिजे. ती तिथंच शिकेल.

परवा पालकसभा होती. यार्डातून सरळ गेले, अंगात तेच केशरी जॅकेट, बुटांना धूळ. हॉलमध्ये पहिल्या रांगेत खुर्च्या रिकाम्या होत्या, मी बसले. शेजारच्या बाईंनी पर्स उचलून दुसऱ्या मांडीवर घेतली. मोठ्या मॅडम माईकवर होत्या. मला बघून थांबल्या. मग एका टीचरला पाठवलं.

"मावशी, पहिली रांग पाहुण्यांची आहे."

"मी मावशी नाय," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मी सोनलची आई आहे. आणि ही पालकांची सभा आहे."

टीचरनी मागं बघितलं. मोठ्या मॅडमनी माईकवर बोलायला सुरुवात केली, 'आपली शाळा हे एक कुटुंब' वगैरे. सोनल मागं तिच्या वर्गाबरोबर उभी होती. मी वळून बघितलं. ती हसत नव्हती. सरळ मॅडमकडं बघत होती.

सभा संपली तरी मी उठले नाही. प्रश्न विचारायची वेळ होती ना? मी हात वर केला. गॅदरिंगला कुणाच्या पोराला कसला रंग फासता, आणि कुणाच्या पोरीला बघून हसता, याचं उत्तर मागितलं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, ऑफिसमध्ये ये, बोलू.

नाही येणार ऑफिसमध्ये. इथंच विचारणार. पुढच्या सभेतही. सोनल दहावी होईपर्यंत प्रत्येक सभेत, पहिल्या रांगेत बसून. तोवर त्यांनी उत्तर शोधून ठेवावं.