सगळ्यांना एकाच नळाची

मधुकरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात मिरच्या बघत होते. फोन साळवेभाऊंचा, माझ्या या थोरल्या भावाच्या खडकीतल्या शेजाऱ्यांचा. "ताई, दादा उठत नाहीयेत," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग हलवा ना जरा!" ते पुन्हा म्हणाले, "ताई, उठत नाहीयेत ते..." आणि मी त्या बिचाऱ्या माणसावर ओरडले. भर गर्दीत, मिरच्यांच्या ढिगापाशी उभी राहून, उठवता येत नाही का म्हणून ओरडले. आज सात आठवडे झाले. लोक विचारतात, सावरलात का? सावरायला आधी कोसळावं लागतं. मी अजून रागातच आहे, आणि हा लेख त्याच रागात लिहिते आहे. वाचणाऱ्यांनी गोड आठवणींची अपेक्षा ठेवू नये.

पहिला राग आला तो पुण्यानुमोदनाच्या दिवशी. विहारात माणसं भरपूर जमली होती. चार जण बोलले. मधुकरदादा हुशार होते, खडकीच्या क्वार्टरमधून विलायतेला गेलेले आमच्यातले पहिले, पुढे औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, सगळं सगळं सांगितलं. पण विलायतेत अकरा वर्षं काय करत होते, हे एकानेही सांगितलं नाही. जणू तुरुंगात होते! दादा बिअरच्या कारखान्यात होता. मला कारण समजतं. माझे वडील अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत कामगार. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि पंचशीलातलं पाचवं शील, दारू न पिण्याचं, मरेपर्यंत पाळलं. दारूने वस्तीतली किती घरं बसली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मुलगा दारूच्या कारखान्यात लागला हे कळल्यावर त्यांनी त्याला पत्र लिहिणं बंद केलं. मीसुद्धा आयुष्यात कधी घोट घेतला नाही, घेणारही नाही. पण म्हणून माणसाची अकरा वर्षं खोडून टाकायची? खोटं बोलू नये हेही एक शील आहे, आणि ते पाचव्याच्या आधी येतं.

दादा केमिस्ट्रीचा. बर्मिंगहॅमच्या बाजूला एका प्रचंड मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याला नोकरी मिळाली. तिथे जी बिअर व्हायची ती पोलादी पिंपांत भरून, वरून गॅस कोंबून देशभर जायची. आतलं यीस्ट उष्णता देऊन मारलेलं, रंग जाळलेल्या साखरेचा, धान्यात स्वस्त मका मिसळलेला. दादाचं काम एकच. रोज सकाळी पिंपं उघडायची आणि आजची बिअर कालच्यासारखीच आहे ना हे तपासायचं. जास्त चांगली झाली तरी ते पिंप बाद. जाणकार इंग्रज त्या बिअरला नावं ठेवायचे, पुळचट म्हणायचे, मेलेली म्हणायचे. पुढे तर तिच्याविरुद्ध चळवळच झाली म्हणे, आणि ती बंद पडत गेली. दादा मात्र म्हातारपणापर्यंत तिचं नाव काढून हळवा व्हायचा. मला ते अजिबात समजायचं नाही. एकदा चिडून विचारलं, "एवढी काय मोठी चव होती रे तिची?"

तेव्हा त्याने सांगितलं. तिकडे गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तो एका जुन्या पबमध्ये गेला. मालकाला स्वतःच्या लाकडी पिंपातल्या बिअरचा फार अभिमान. दादाने ग्लास मागितला, तर मालकाने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, ही तुमच्यासारख्यांसाठी नाही. दादा बाहेर आला. त्याला आमच्या मावशीच्या गावचं हॉटेल आठवलं. तिथे आमच्यासाठी कपबशी बाहेरच्या कोनाड्यात असायची, आणि पिऊन आपली आपण विसळून ठेवायची. रस्त्याच्या पलीकडे दुसरा पब होता, अगदी सामान्य. तिथल्या बाईने मान वर न करता नळ खाली ओढला, ग्लास भरला आणि पुढे सरकवला. शेजारच्या गोऱ्या मजुराच्या हातात तोच ग्लास, त्याच नळातली तीच बिअर. "ती चांगली नव्हतीच गं सुमे," दादा म्हणाला, "पण ती सगळ्यांना सारखीच वाईट मिळायची." मी उगाचच गॅसवरचं दूध बघायला उठले.

परत आल्यावर तो हडपसरला औषध कंपनीत लागला. लग्न केलं नाही. वडील शेवटपर्यंत त्याच्याशी कामापुरतंच बोलले. हडपसरची शेतं जाऊन तिथे काचेच्या इमारती आल्या, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं आली, आणि दादा निवृत्त होऊन काही वर्षं झाली असतील तेव्हा त्या पोरांसाठी तिथल्या तिथे बिअर बनवणारे पब आले. अशाच एका पबचा मालक निशांत. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून यात पडलेला. दादा तिथे एका दुपारी गेला, एक घोट घेतला आणि त्याला बोलावून म्हणाला, "तुमचं पाणी चुकतंय." दोन महिन्यांत निशांत त्याला सर म्हणायला लागला. एके दिवशी दादाने जुन्या वहीतून त्या इंग्लंडच्या बिअरची कृती काढली आणि म्हणाला, ही करू या. पण अट एक. ही सगळ्यांत स्वस्त ठेवायची, आणि जो येईल त्याला द्यायची. रिक्षावाला आला तरी, मॅनेजर आला तरी, एकाच नळाची, एकाच ग्लासात. निशांत म्हणाला, "सर, डन. पक्का प्रॉमिस." हे माझ्यासमोर झालं. दादाच्या खोलीत, पोहे खाताना.

मग सुरू झाला पोरकटपणा. दुसरा शब्द मला सुचत नाही. बहात्तर वर्षांचा माणूस खडकीहून दोन बस बदलून हडपसरला जायचा, वाईट बिअर बनवायला! पहिली खेप झाली. सगळ्यांना आवडली. दादा म्हणाला, "चांगली झालीये. चुकली. ओतून द्या." निशांतकडे काम करणारी पोरं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दुसरी ओतली, तिसरी ओतली. खरं-खोटं ठरवणार कोण? ती बिअर तर कधीच बंद झालेली. तेव्हा या महाभागाला मी आठवले. तो विलायतेहून आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत एक स्वेटर होता, पबमध्ये सांडून सांडून वास बसलेला. आईने तीनदा धुतला तरी जाईना. मी तो नाकाशी धरून म्हटलं होतं, "कणसं उकडताना साखर करपल्यासारखा येतोय." माझं वाक्य त्याने चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. झालं! थर्मासमध्ये बिअर घेऊन स्वारी माझ्या स्वयंपाकघरात हजर. मी म्हटलं, "दादा, माझ्या घरात दारू आणू नकोस." तो म्हणाला, "पिऊ नकोस. नुसता वास घे. वासाबद्दल शीलात काही नाही." चौथ्या खेपेचा वास मी घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर आईची दोरी आली, तिच्यावर वाळत घातलेला तो हिरवा स्वेटर आला. मी म्हटलं, "हाच." दादा खुर्चीत बसला, चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत राहिला. त्यानंतर सोळाव्या दिवशी तो गेला.

त्याची बिअर नळाला लागली ती तो गेल्यावर. निशांतचा फोन आला, "काकू, सरांच्या नावाने लाँच करतोय. तुम्ही चीफ गेस्ट." मी पबच्या पायरीवर पाऊल ठेवीन असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण गेले. साळवेभाऊंनाही घेतलं. दादाला बिअर पिताना सोबत असायची ती त्यांचीच. फॅक्टरीतून निवृत्त झालेला साधा माणूस, त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पायांत मात्र चपला, कारण मधुमेहाने पायाला जखम होती. दारात गार्डने त्यांना हात आडवा केला. "अंकल, चप्पल अलाऊड नहीं है." मी म्हटलं, हे माझ्याबरोबर आहेत. तो म्हणाला, "आप जाइए मॅडम, उनका नहीं होगा." मी निशांतला बोलवायला सांगितलं. तो आला, लाजला, गार्डकडे बघून हसला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "काकू, पॉलिसी आहे हो. आत इन्व्हेस्टर्स आहेत. काकांना मी इथे बाहेर टेबल लावून देतो ना... बिअर पाठवतो."

आणि साळवेभाऊ म्हणाले, "राहू द्या ताई. मी थांबतो बाहेर."

हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून ऐकलेलं आहे. अगदी याच आवाजात. समजूतदारपणे, कुणाला अवघडायला नको म्हणून. मी आत गेले. ओळीने दहा-बारा नळ, एका नळाला लाकडाची नक्षीदार मूठ आणि तिच्यावर दादाचं नाव. खाली पाटीवर लिहिलेली किंमत सगळ्यांत जास्त. निशांतने फुगीर पोटाचा उंच ग्लास माझ्या हातात दिला. बाकीच्या बिअरचे ग्लास वेगळे होते. "वास तरी घ्या काकू." घेतला. संत्र्याचा आला. "हे काय आहे?" मी विचारलं. तो म्हणाला, "ऑनेस्टली काकू, ओरिजिनल लोकांना चालली नसती. फार प्लेन होती. आम्ही थोडी एलेव्हेट केली. सरांनाही आवडली असती." मी म्हटलं, "त्यांनी ओतून दिली असती. आणि तुम्हाला ते माहीत आहे."

त्याला माहीत होतं. त्याची मान खाली गेली, त्यावरून कळलं. माझा आवाज चढला होता, लोक वळून बघत होते, कुणीतरी मोबाईल काढला. मी म्हटलं, "अहो, बिअर तुमची, पब तुमचा, काय विकायचं ते विका. माझ्या भावाचं नाव काढा." तो म्हणाला, "काकू, हा सरांचा सन्मान आहे." मी म्हटलं, "सन्मान बाहेर टेबल लावून बसलाय." मग मी काउंटरच्या आत गेले आणि ती मूठ धरली. ओढल्यावर बिअर भसाभस खाली वाहायला लागली, माझी साडी भिजली. मग कळलं की ओढायची नसते, फिरवायची असते. चार-पाच आटे फिरवल्यावर ती सुटली. पर्समध्ये मावत नव्हती म्हणून तशीच हातात धरून मी बाहेर आले. साळवेभाऊंच्या पुढ्यात ग्लास आला होता, त्यांनी त्याला हात लावला नव्हता. आम्ही रिक्षा केली.

ती मूठ आता माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. बुद्धमूर्तीशेजारी ठेवली नाही, तेवढं मला कळतं. टीव्हीशेजारी ठेवली आहे, येणाऱ्याला दिसेल अशी. परवा विहारातले दोघे जण आले होते, त्या दिवशी भाषण केलेले. एकाने विचारलं, "ताई, हे शोपीस कसलं?" मी म्हटलं, "दारूच्या नळाची मूठ आहे. मधुकरदादा बिअर बनवायचा. अकरा वर्षं तिकडे, आणि मरेपर्यंत इथे." दोघेही छताकडे बघायला लागले. काल निशांतच्या ऑफिसातली एक मुलगी मूठ परत मागायला आली होती, तिलाही हेच सांगितलं, याच शब्दांत. मग तिच्यासाठी चहा टाकला. तिच्याबरोबर आलेला ड्रायव्हर खाली गाडीत बसला होता. त्याला वर बोलावून घेतलं.