जरा वास घ्यायला येता का?

घड्याळजी आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात, पण सहा वर्षांत आमचं बोलणं 'पाणी आलं का?' याच्या पुढे कधी गेलं नाही. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस शेजाऱ्यांकडे कशाला बघतोय! त्यामुळे रविवारी सकाळी जिन्यात मला अडवून ते म्हणाले, "जरा वर येता का? वास घ्यायचा होता," तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

डोकं ठिकाणावर होतं, नाक तेवढं गेलं होतं. दुकान बंद केल्यापासून ते झोपायच्या खोलीतच काम करायचे. उघडलेल्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग झुळकीनंसुद्धा उडते, म्हणून खिडकी बंद, पंखा बंद. शेजारी वाटीत पेट्रोल, सुटे भाग धुवायला. दुकानात वास रस्त्यावर निघून जायचा, इथं तो गादीत, पडद्यांत मुरत गेला. काकूंचं डोकं धरायचं, चक्कर यायची, खोकला तर थांबायचं नाव घेत नसे. काका म्हणायचे, "हवा बदलली की होतं असं." त्या खोलीत हवा बदलतच नव्हती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग काकू मुलीकडे गेल्या आणि चार दिवसांत खोकला थांबला. परत आल्या, दोन रात्रींत पुन्हा सुरू. डॉक्टरांनी घरात काय काय वापरता ते खोदून विचारलं आणि पेट्रोलचं ऐकताच त्यांना मुलीकडे परत धाडलं.

"मी तिला म्हणायचो, तुझी नाटकं आहेत," कुलूप काढताना काका म्हणाले. "मला कुठे काय होतंय? आता कळतंय, मला वासच येत नव्हता."

काम त्यांनी कायमचं सोडलं होतं. खोलीत गादी नव्हती, पडदे नव्हते, खिडकी सताड उघडी होती. ऐन थंडीत महिनाभर ते स्वेटर घालून जमिनीवर झोपत होते. मी श्वास ओढला आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. 'गेला हो वास' असं म्हणून टाकावं, असं फार वाटलं. पण कपाट उघडलं आणि भपकाराच आला.

"आहे अजून," मी म्हणालो.

त्यांनी तिथल्या तिथे काकूंना फोन लावला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"बॅग भरून बसलेय मी. येऊ ना?"

"नको. कपाटाला येतोय अजून."

"तुम्हाला कुठे कळतोय वास?"

"खालचे आलेत बघायला."

"आपल्याकडे? कुणी आलंय?" काकूंना वासापेक्षा त्याचंच नवल वाटलं. मग त्या म्हणाल्या, "बरं. जेवत जा वेळेवर."

फोन ठेवून काकांनी कपाटाचं दार लावलं. "तिच्या आईनं दिलेलं आहे," ते म्हणाले. "उद्या काढून टाकतो. मग याल परत?"

येतो म्हणालो. मला माझीच लाज वाटत होती. काकूंचा खोकला रोज माझ्या छतातून ऐकू यायचा, आणि एकदा वैतागून मी खालून झाडूचा दांडा आपटला होता.